डोक्याबाहेरचे आकडे

१० नोव्हेंबर १९७५, सोमवार

आज डायरेक्टरांनी चारचौघांत विचारलं, "काय अप्पासाहेब, तुमचं विखुरलेल्या किरणांचं पुराण कधी संपणार?" सगळे हसले. हसणाऱ्यांत एकालाही वजाबाकी धड येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. यांना चित्र कळत नाही म्हणून माझ्या यंत्राला नावं ठेवायची.

परिषदेत वाचायच्या निबंधाच्या पहिल्या पानावर सगळं इतकं सोपं करून लिहिणार आहे की डायरेक्टरांच्याही डोक्यात शिरावं. मसुदा असा: रुग्णाला सुईने औषध देतात. मेंदूत गाठ असेल तर तिथे औषध जास्त जमतं. या औषधामुळे एकाच क्षणी दोन किरण निघतात, एक इकडे आणि एक बरोबर उलट दिशेला. डोक्याच्या दोन बाजूंना आम्ही दोन डोळे बसवले आहेत. दोन्ही डोळ्यांना एकाच क्षणी किरण दिसले की समजायचं, औषध या दोघांमधल्या सरळ रेषेवर आहे. पण काही किरण वाटेत हाडामांसाला धडकून वळतात. वळलेलाही मोजला जातो, आणि जिथे औषध नाही तिथे ते असल्याचं भासतं. हे विखुरलेले किरण वजा केले नाहीत तर चित्र म्हणजे श्रावणातलं माथेरान, नुसतं धुकं.

आता माझी पद्धत. कानापलीकडे हवा आहे. हवेत औषध असूच शकत नाही. म्हणजे डोक्याबाहेर मोजलेला प्रत्येक आकडा खोटा. डावीकडचे खोटे आणि उजवीकडचे खोटे यांची वेगवेगळी सरासरी घ्यायची, दोघांना जोडणारी रेघ डोक्यातून ओढायची आणि रेघेखालचं सगळं वजा करायचं. उरेल ते खरं.

सहा केसेस झाल्या, सहाही पुरुष, सहाही जणांच्या डोक्यात गाठ. ऑपरेशनमध्ये गाठ माझ्या चित्रातल्या जागीच निघाली. आता एक निरोगी डोकं हवं, म्हणजे निबंध पुरा. परिषद फेब्रुवारीत आहे. त्या दिवशी कोण हसतं ते बघतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरी कर्जतला यावं तर इथे वेगळा तमाशा. धाकट्या भावाची, हरीची बायको उमा. तिने आज दुधाचं पातेलं पाडलं. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा, आणि दर वेळी डाव्याच हातातून. सकाळी उठल्या उठल्या हिचं डोकं दुखतं, उलटी होते, आणि नेमकी तीच वेळ चुलीपाशी बसायची! दुपारी बाई ठणठणीत. हरी भाताच्या गिरणीवर दिवसभर कोंडा खातो आणि ही कपाळाला सुंठ लावून पडते.

दारातली रांगोळी तर बघण्यासारखी. उजवी बाजू भरलेली, डावी कोरी. मी म्हटलं, अर्धीच का? मान खाली घालून म्हणते, "पुरी केली की, भावजी." डोळ्यांदेखत खोटं.

लग्नाला पाच वर्षं झाली. हिला वेगळं बिऱ्हाड हवंय, दुसरं काही नाही. माझी सुचेता गेली त्याला सहा वर्षं झाली. तिने आठ दिवस ताप अंगावर काढला, पण चकार शब्द काढला नाही की एका वेळचा स्वयंपाक चुकवला नाही. नवव्या दिवशी गेली. अशा बायका आता होणं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईने टुमणं लावलंय, "कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटंवर भगत हाय. त्याला दाखवू. बाहेरचं हाय काय तरी." मी ओरडलो. माझ्या घरातली माणसं कोंबडं घेऊन भगताकडे गेली तर उद्या डायरेक्टर मला शेंदूर फासतील.

इथल्या डॉक्टरने चिठ्ठी दिली आहे, मेंदूच्या सर्जनला दाखवा म्हणून. सर्जन मानेच्या शिरेत औषध सोडून एक्स-रे काढणार. त्यात धोका असतो आणि आठ दिवस मोडतात. कशाला? माझं यंत्र आहे. अर्ध्या तासात सोक्षमोक्ष. हिचं नाटक उघडं पडेल आणि मला निरोगी डोकं मिळेल. हरी म्हणाला, "अप्पा, तू म्हणशील तसं. एकदा काय ते कळू दे. मी पार वैतागलोय."

आमचं औषध म्हणजे आर्सेनिक, आपला सोमल. इतका सूक्ष्म की मुंगीही मरणार नाही. त्याच्या किरणांचा जोर निम्मा व्हायला अठरा दिवस लागतात, म्हणून घाईही नसते. आईला नाव सांगितलं नाही. सोमल म्हटलं असतं तर सगळ्या आळीत बोंब झाली असती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उमाची तपासणी झाली. हरी तिला घेऊन दहाला आला. बाई ठेवणीतली इरकल नेसून आल्या होत्या, जणू कुणाच्या लग्नाला.

श्रीपतने सुई दिली. श्रीपत आमचा टेक्निशियन, कर्जतचाच, स्टेशनापलीकडच्या बौद्धवाडीतला. बी.एस्सी. आहे, हात चांगला आहे, आकडे नीट उतरवतो. पण प्रश्न विचारतो. याचा आजा आमच्या अंगणाबाहेर उभा राहून हाक मारायचा, आणि हा मला विचारतो, "साहेब, असं का?" काळ बदलला हे मला कळतं. म्हणून ते आवडलंच पाहिजे असं नाही.

सुई काढली तसा उमाच्या दंडावर थेंब आला. श्रीपत कापूस घेऊन वळेपर्यंत हिने पदराने टिपूनही टाकला. गावंढळपणा! चुलीपासून हॉस्पिटलपर्यंत यांचा पदर म्हणजे फडकं.

दोन तासांनी तिला यंत्रात झोपवलं. श्रीपतने तिला डोकं मोकळं करायला लावलं होतं. मी आत गेलो तशी ती चपापली आणि पडल्या पडल्याच पदर डोक्यावरून ओढून उजव्या कानापाशी खोचला. थोरल्या दिरासमोर उघड्या डोक्याने राहायचं नाही, एवढं तरी आईने तिला शिकवलंय. श्रीपत म्हणाला, "साहेब, पदर काढायला सांगू का? आधीच्या सगळ्यांची डोकी उघडी होती." मी म्हटलं, "राहू दे. कापडाने किरण वळत नाहीत, पुस्तक उघडून बघ." मग म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबलात तर त्या स्वतःच काढतील." मला बाहेर थांबायला सांगतो! मी खुर्ची ओढून अर्धा तास तिथेच बसलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून ओट्यावर बसून हिशेब केला. डोक्याबाहेर डावीकडे सरासरी चाळीस आली, उजवीकडे एकशे दहा. उजवीकडे जास्तच. मान कलली असणार. यंत्रात कोण स्वस्थ पडतं! रेघ तिरकी आली, वजाबाकी केली. आधी उजव्या बाजूला थोडा उंचवटा वाटत होता. वजा केल्यावर सगळं सपाट, दोन्ही बाजू सारख्या. माझ्या पद्धतीने नसता उंचवटा पुसून काढला! दुसऱ्या कुणी हे चित्र पाहिलं असतं तर गाठ म्हणून बाईचं डोकं फोडलं असतं.

केस क्रमांक सात, निरोगी. जेवताना सगळ्यांना सांगितलं, "डोक्यात काही एक नाही." आई म्हणाली, "मंग बाहेरचंच." उमाने विचारलं, "मग दुखतं कशानं, भावजी?" मी म्हटलं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती उठून मागल्या दारी गेली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आमटीचं भांडं. हरीने तिच्या थोबाडीत मारली. "अप्पानं यंत्रात घालून बघितलंय. काय नाय तुझ्या डोक्यात. नाटकं पुरे झाली." मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मारझोड मला पसंत नाही. पण हरीचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मधे पडलो नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उमाला माहेरी, लोधिवलीला पाठवलं. हरी जाऊन पोचवून आला. घर शांत आहे. निबंधाची अकरा पानं झाली.

७ डिसेंबर, रविवार

डोकं ठणकतंय. श्रीपत आज घरी आला. न बोलावता. काखेत आकड्यांची गुंडाळी आणि रजिस्टर.

आईने त्याला कोनाड्यातल्या कपात चहा दिला. घरच्या कपांपेक्षा तो वेगळा ठेवलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने कप हातात घेतला, वळवून पाहिला आणि न पिता खाली ठेवला. वर म्हणाला, "मी चहासाठी नाही आलो." माज बघा!

मग म्हणाला, "साहेब, सातव्या केसमध्ये उजवीकडे बाहेर एकाच चौकोनात साडेतीनशे आलेत. शेजारच्या तिन्हींत तीस-तीस. विखुरलेले किरण असे एका जागी गोळा होतात का?"

"सरासरी घ्यायची असते, श्रीपत. पद्धत तीच आहे."

"सरासरी घेतली म्हणूनच तो दिसेनासा झाला. त्या दिवशी संध्याकाळी मी खोली तपासली तर उशीच्या उजव्या कडेला किरण मोजायचा मीटर वाजला. रजिस्टरला लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

माझी सही! दिवसाला चाळीस सह्या करतो. प्रत्येक ओळ वाचत बसलो तर संशोधन कोण करणार?

"वहिनींनी पदराने औषध टिपलं होतं," तो म्हणाला. "तोच पदर कानापाशी होता. तिथले आकडे विखुरलेले नाहीत, साहेब. खरं औषध होतं, फक्त डोक्याबाहेर. तुम्ही ते खोटं समजून उजव्या बाजूतून जास्त वजा केलंत. मी दोन्हीकडे डावीकडचाच आकडा धरून वजा करून बघितलं. उजवीकडे गाठ दिसते. डावा हात जातोय ना त्यांचा? त्यांना सर्जनकडे न्या. उशीर करू नका."

माझ्या अंगणात, माझ्या आईसमोर, माझ्या पद्धतीतली चूक मला! मी म्हटलं, "माझ्या घरच्या बाईच्या पदराची चर्चा तू करायची नाहीस. चालता हो." तो उभा राहिला. "पदराची नाही करत, साहेब. जिवाची करतोय," म्हणाला आणि गेला. गुंडाळी मुद्दाम ओट्यावर ठेवून गेला.

९ डिसेंबर, मंगळवार

डायरेक्टरांना लेखी दिलं की श्रीपत वरिष्ठांच्या घरी जाऊन उद्धट बोलतो. हल्ली आणीबाणीमुळे असल्या कागदांवर ताबडतोब हुकूम निघतात. उद्यापासून तो एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत प्लेटा धुणार. तिथे प्रश्न विचारायला कोणी नसतं.

१४ डिसेंबर, रविवार

उमाची आई, अंबाबाई, सकाळीच अंगणात येऊन उभी राहिली आणि तिने तोंडाचा पट्टा सोडला. आळीभर दारं उघडली.

"आरं ए सायबा! यंत्रात घालून काय बगितलंस रं? सोन्यासारकी पोर दिली तुमाला. तिचा डोला तिरला झालाय. ताटातली उजवीकडची भाकर खाते, डावीकडची तशीच ऱ्हाते. तिला ती दिसतच नाय! आमी काय नाटकं करतो? चालताना डाव्या अंगाला पडते ती काय हौस हाय?"

आई ओरडली, "तुमच्याकडं नेल्यावर झालं त्ये. हितं काय नव्हतं. माज्या लेकानं बगितलंय."

"तुज्या लेकाला काय दिसतंय? समोरचं मानूस दिसत नाय त्याला!"

मी खोलीत होतो. खिडकी लावून घेतली. माणसं खोटं बोलतात, कांगावा करतात. आकडा खोटं बोलत नाही, म्हणून तर आयुष्यभर आकड्यांशीच संगत केली. हरी मात्र बाहेर जाऊन तिच्यासमोर उभा राहिला, मान खाली घालून.

ती गेल्यावर श्रीपतने टाकलेली गुंडाळी उघडली. ३५०. एकाच चौकोनात. वरखाली तीस, एकतीस, एकोणतीस. मी सरासरी लावताना या आकड्यावरून बोट फिरवलं होतं, पेन्सिलीची खूण आहे. तेव्हा तो डोळ्यांत खुपला कसा नाही? आणि डावी भाकर, डावी रांगोळी. उजवा मेंदू डावी बाजू सांभाळतो हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे.

हा आकडा मला आवडत नाही. चार दिवस निबंध बंद.

१८ डिसेंबर, गुरुवार

पदराची गोष्ट खोटी आहे हे एकदा सिद्ध करून टाकतो. म्हणजे श्रीपतचंही तोंड बंद होईल आणि मलाही झोप लागेल. हॉस्पिटलातला हातमीटर पिशवीत घालून आणला. औषध लागलं असेल तर अजून चौथा हिस्सा तरी उरलं असेल. मीटरला तेवढं पुरे.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी कर्जतहून एस.टी.ने चौक गावी, तिथून लोधिवलीपर्यंत पायी. अंबाबाई दारात आडवी उभी राहिली. मी म्हटलं, ती इरकल दाखवा. "लेक मरायला टेकली न् तुला लुगडं बगायचंय?" पण तिने ट्रंक ओढून दिली. साडी घडी घालून तशीच ठेवलेली. एकदाच नेसलेली ठेवणीतली साडी कोण धुतं?

मीटर चालू केला. काठाला काही नाही. निऱ्यांना काही नाही. पदराच्या टोकाशी नेला आणि तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतडायला लागला. बंद केला, परत चालू केला. पलीकडच्या भिंतीशी नेला, गप्प. पदराशी आणला, पुन्हा लाह्या. तांबूस डाग होता, चवलीच्या नाण्याएवढा.

मी तिथेच ट्रंकेजवळ बसलो. तिने थेंब टिपला तो मी पाहिला होता. पदर कानाशी खोचला तो पाहिला होता. दोन्ही गोष्टी याच वहीत माझ्या हाताने लिहिल्या आहेत, आणि वर तिला गावंढळ म्हटलंय. मी आत गेलो नसतो तर तिने पदर घेतला नसता. श्रीपतने बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा उठलो असतो तरी चाललं असतं. मी खुर्ची ओढून बसलो.

उमा आतल्या खोलीत पडली होती. मी तिच्या डाव्या बाजूने गेलो तर तिला कळलंच नाही कोणी आलंय. उजवीकडे गेलो तेव्हा म्हणाली, "भावजी?" एक डोळा नाकाकडे वळलेला.

अंबाबाईने विचारलं, "काय बोलतंय तुजं यंत्र?"

"चूक झाली," मी म्हणालो.

"कुनाची?"

"यंत्राची."

इतकं सगळं कळल्यावरही हेच तोंडातून आलं. लिहिताना शरम वाटते, पण आलं ते आलं. चौक गावात भाताची पोती उतरवून रिकामा निघालेला टेंपो मिळाला. गोण्यांवर गोधडी अंथरून तिला झोपवलं. अंबाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. टेंपो थेट घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेला.

२७ डिसेंबर, शनिवार

काल ऑपरेशन झालं. उजव्या बाजूला गाठ, मोसंबीएवढी. कॅन्सर नाही. सर्जन म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर बाई हाताला लागली नसती. ती जगेल.

श्रीपतने काढलेली जागा आणि गाठीची जागा यांत अर्ध्या बोटाचाही फरक नाही.

४ जानेवारी १९७६, रविवार

डावा पाय सुधारतो आहे. डोळाही येईल म्हणतात. डावा हात मात्र गेला. बोटं हलत नाहीत, चटका कळत नाही. हरीने सर्जनना विचारलं, "आधी आणलं असतं तर?" ते म्हणाले, "महिनाभर आधी आणायला हवं होतं. हात वाचला असता." त्यांना आत्तापर्यंतची हकीकत माहीत नव्हती, म्हणून इतकं सरळ बोलले.

व्हरांड्यात हरी म्हणाला, "मी तिला मारलं, अप्पा. तुझ्या कागदावर विसंबून मारलं."

मी म्हटलं, "मार असं मी सांगितलं नव्हतं."

खरं म्हणजे मला दुसरंच बोलायचं होतं. हरीने माझ्याकडे पाहिलं आणि जिना उतरून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आई वाढते, पण ताट समोर ठेवून लगेच आत जाते. जिने सुनेला भगताकडे न्यायचं म्हटलं होतं ती आता मला सुनावते, "भगतानं निदान कोंबडंच घेतलं असतं."

१२ जानेवारी, सोमवार

डायरेक्टरांनी दार लावून घेतलं. आवाजात मध. "अप्पासाहेब, सातवी केस काढून टाका. सहा पुरेशा आहेत. घरचीच बाई होती, कोण विचारणार? विभागाचं नाव आहे, यंत्राला अनुदान यायचंय." ज्या माणसाने मला जन्मभर हिणवलं तो आज माझा मित्र. आणि मी हो म्हणालो. सातवी केस काढली. पानं अकराची नऊ झाली, वाचायला सुटसुटीत वाटतात.

दुपारी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. लाल दिव्यात श्रीपत प्लेटा धूत होता. मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं." हे तीन शब्द बोलायला मला बावीस दिवस लागले.

तो वळला नाही. "माझं बरोबर असून काय झालं, साहेब? मी सात डिसेंबरला आलो होतो. तुम्ही त्यांना एकवीसला नेलंत." पुढची प्लेट पाण्यात बुडवून म्हणाला, "दार नीट लावून घ्या. उजेड आला तर प्लेटा खराब होतील."

२५ जानेवारी, रविवार

उमाला दहा दिवसांपूर्वी घरी सोडलं, म्हणजे लोधिवलीला. आमच्याकडे यायला तिने नकार दिला. हरी गिरणी बंद करून रोज संध्याकाळी तिकडे जातो.

आज मी गेलो. एस.टी.त मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं, काय बोलायचं, कुठे थांबायचं. निबंधाची नऊ पानं पिशवीत होती, परतताना डायरेक्टरांच्या घरी ठाण्याला नेऊन द्यायची म्हणून. उमा ओटीवर बसून तांदूळ निवडत होती, एका हाताने. डोक्यावर नखाएवढे केस आलेत, कानामागे टाक्यांची लांबलचक खूण आहे. मला पाहून ती उठली नाही. मी सूप मधे ठेवून समोर बसलो.

"उमा, त्या दिवशी मी तुझ्या आईला यंत्राची चूक सांगितली. ते खोटं होतं. चूक माझी. श्रीपतने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तू सांगत होतीस, तेही ऐकलं नाही. मला माफ कर."

इतकं मी माझ्या आयुष्यात कुणापुढे बोललो नव्हतो. वाटलं होतं की ती रडेल, मग मीही रडेन आणि संपेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. हातातला खडा बाजूला टाकला. मग उजव्या हाताने डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि आमच्या दोघांच्या मधे, सुपात, तांदळावर ठेवला.

"याची मागा माफी, भावजी. यानं केलं तर मी पन करीन."

बोटं जशी पडली तशी राहिली. अंगठा तांदळात रुतला होता. तिने तो काढला नाही. अंबाबाई दारात उभी होती. तिने चहा विचारला नाही, जा असंही म्हणाली नाही. शेवटी मीच उठलो.

ठाण्याला गेलो नाही. घरी येऊन सातवी केस परत घातली. आधी लिहिलं, "पद्धत निर्दोष होती, परंतु वापरताना अनवधान झालं." ते खोडलं. मग लिहिलं: डोक्याबाहेर औषध असूच शकत नाही हे गृहीत चुकीचं होतं. रुग्णाच्या कपड्याला औषध लागलेलं होतं. टेक्निशियनने वेळीच दाखवून दिलं, लेखकाने त्याची बदली करवली. गाठ एक महिना उशिरा निघाली. रुग्णाचा डावा हात कायमचा गेला.

पानं बारा झाली. उद्या श्रीपतकडे तपासायला देतो. तो एक अक्षर गाळू देणार नाही.